आधी गप्प राहायला शिकवलं

रात्री पावणेदोनला आमचा उपग्रह बोलायला लागला. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. टेबलावर ॲल्युमिनिअमची एक लांबट पेटी होती. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून छोटे उपग्रह ज्या पेटीतून सोडतात, तिच्या मापाची ही नक्कल आम्ही करून घेतली होती. तिच्यात मधोमध आमचा दहा सेंटिमीटरचा घन, पुढेमागे शेजारी म्हणून तेवढेच दोन धातूचे ठोकळे आणि तळाशी दाबून बसवलेली स्प्रिंग. तीन दिवस हे असंच ठेवायचं आणि काहीही होत नाही ना, हे बघायचं, एवढीच ती चाचणी. दुसऱ्या रात्री शेजारच्या रिसीव्हरमधून मोर्सचे बारीक ठिपके आणि रेघा ऐकू आल्या. अँटेना घडी करून बांधलेली होती, तरी हातभर अंतरावर आवाज स्वच्छ येत होता.

ज्या आवाजासाठी दोन वर्षं राबलो तोच हा आवाज, आणि तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जागा झाल्यावर तीस मिनिटं काहीही करायचं नाही, रेडिओ चालू करायचा नाही, असं त्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. म्हणजे तो सव्वा वाजताच उठला होता, बंद पेटीत, कुणी हात न लावता. खऱ्या प्रवासात अशा वेळी तो अंतराळ स्थानकाच्या आत असणार होता, माणसांपासून काही हातांवर.

रॉकेटच्या टोकावरून उपग्रह सोडतात तेव्हा त्याच्या आसपास कुणी नसतं. स्थानकावरून सोडायचा तर गोष्ट वेगळी. तो मालवाहू यानातून, फोममध्ये गुंडाळून, अंतराळवीरांच्या खाण्याच्या आणि कपड्यांच्या पिशव्यांबरोबर वर जातो. तिथे माणसं तो बाहेर काढतात, हाताळतात. ती राहतात, झोपतात त्याच भिंतींच्या आत तो काही आठवडे, कधी काही महिने पडून असतो. मग एअरलॉकमधून, म्हणजे आत एक आणि बाहेर एक दार असलेल्या खोलीतून, बाहेर जातो. या वाटेचा एक मोठा फायदा म्हणजे फोमच्या गादीमुळे उड्डाणाची कंपनं सौम्य होऊन पोचतात आणि नाजूक जोडण्या वाचतात. पण त्याबदल्यात एक अट येते, आणि आमचं निम्म्याहून जास्त काम त्या एका अटीभोवती फिरत राहिलं. सुटेपर्यंत उपग्रहाने मेल्यासारखं पडून राहायचं. आणि सुटल्यावर मात्र हमखास उठायचं, कारण तेव्हा त्याला हलवून जागं करायला कुणी नसतं.

या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. झोप पक्की करण्यासाठी जो अडसर घालावा, तोच उद्या उघडला नाही तर जाग येत नाही.

सुरुवातीला माणसं चक्क हाताने उपग्रह सोडत. २८ मार्च २००५ रोजी अंतराळवीर सलिझान शारिपोव यांनी स्थानकाबाहेर पडून टीएनएस-० हा छोटा रशियन उपग्रह हाताने ढकलून दिला. पेरू देशातल्या विद्यार्थ्यांचा चास्की-१ देखील असाच गेला, १८ ऑगस्ट २०१४ रोजी, ओलेग आर्तेम्येव यांच्या हातून. पण दरवेळी अंतराळवीराला स्पेससूट घालून बाहेर पाठवणं परवडणारं नाही. स्थानकाच्या किबो या जपानी विभागात एअरलॉक आहे आणि बाहेर सुमारे दहा मीटर लांबीचा रोबोटिक हातही आहे. त्या दोघांची सांगड घालून जाक्सा या जपानच्या अंतराळ संस्थेने उपग्रह सोडण्याचं उपकरण केलं आणि ४ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यातून पहिल्यांदा पाच क्यूबसॅट, म्हणजे आमच्यासारखे ठरावीक मापाचे छोटे उपग्रह, सोडले गेले. त्यांतला फिटसॅट-१ पुढे एलईडी दिव्यांची उघडझाप करून आकाशातून मोर्समध्ये संदेश देत होता. त्याच पाचांतल्या व्हिएतनामच्या एफ-१ कडून मात्र कधी संकेत आलाच नाही. आमच्या भिंतीवर या दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. ते कुणी लावले माहीत नाही, पण ते काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

घानाचा, मंगोलियाचा, भूतानचा, नेपाळचा, श्रीलंकेचा पहिला उपग्रह याच दारातून बाहेर पडला. केनियाचा पहिला क्यूबसॅट संयुक्त राष्ट्रं आणि जाक्सा यांच्या किबोक्यूब योजनेतून मे २०१८ मध्ये सुटला. ज्यांना स्वतःचं रॉकेट नाही आणि मोठ्या रॉकेटवरची जागा परवडत नाही, त्यांच्यासाठी ही वाट किती मोलाची आहे, हे मला आत शिरल्यावर कळलं. म्हणून कागदपत्रांचा कितीही त्रास झाला तरी मी कधी कुरकुर केली नाही.

आता त्या रात्रीच्या जागेपणाबद्दल. क्यूबसॅटच्या चार उभ्या कडांना रेल म्हणतात. पेटीत तो याच रेलवर सरकतो. आडव्या मापाची प्रत्येक बाजू १०० मिलिमीटर, आणि फरक चालतो तो जास्तीत जास्त एक दशांश मिलिमीटरचा. रेलच्या टोकांना छोटी स्प्रिंगवाली बटणं असतात. शेजारचा उपग्रह टेकलेला आहे तोवर बटणं दाबलेली राहतात आणि बॅटरीचा रस्ता तुटलेला असतो. उपग्रह बाहेर पडला, शेजारी दूर झाला, की बटणं सुटतात आणि वीज सुरू होते. स्थानकाचा नियम असा की ज्या चुकीने माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो, तिच्या वाटेत तीन स्वतंत्र अडसर हवेत. दोन निकामी झाले तरी तिसऱ्याने तग धरला पाहिजे. आमच्याकडे तीन बटणं होती, एकापाठोपाठ जोडलेली. तिन्ही सुटल्याशिवाय एक थेंबही वीज पुढे जाणार नाही. कागदावर सगळं ठीक होतं.

सकाळी आम्ही पेटी उघडली नाही. आधी बारीक टॉर्च लावून फटीतून बघितलं. संध्याकाळी कुणीतरी जागा करण्यासाठी पेटी उचलून आडवी ठेवली होती. तेव्हा शेजारचा ठोकळा पेटीतल्या सरकायच्या पट्टीला किंचित अडकला आणि आमच्या उपग्रहात आणि त्याच्यात केसाएवढी फट राहिली. आमची बटणं इतकी संवेदनशील होती की तेवढी फट पुरली. तिन्ही बटणं एकाच तोंडावर होती, एकाच जातीची होती आणि एकाच ठोकळ्याने दाबलेली होती. त्यामुळे सुटली ती तिन्ही एकदम.

आमचे सर पेटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तीन कुलपं लावलीस, पण किल्ली एकच केलीस." वीजपुरवठ्याचा भाग माझ्याकडे होता. ते रागावले नव्हते, आणि म्हणूनच ते वाक्य खोलवर रुतलं.

दुरुस्तीला सात आठवडे गेले. एक बटण विरुद्ध तोंडाला नेलं. एक रेलच्या बाजूला बसवलं, म्हणजे ते पेटीच्या पट्टीनेच दाबलेलं राहील आणि उपग्रह पेटीतून पूर्ण बाहेर आल्याशिवाय सुटणारच नाही. उरलेल्याचा दांडा लांब केला. आता तो मिलिमीटरभर बाहेर आल्याशिवाय वीज जोडली जात नव्हती. मग तीच पेटी आम्ही आडवी ठेवली, उलटी केली, हलवली, थंड केली, तापवली. आवाज आला नाही. रिसीव्हरसमोर बसून काहीही न ऐकण्यात एवढा आनंद असतो, हे मला त्या आठवड्यात समजलं.

सुरक्षेच्या बैठका टप्प्याटप्प्याने होतात. कल्पना कागदावर असताना पहिली, उपग्रह तयार होऊन चाचण्या संपल्यावर शेवटची. प्रत्येक टप्प्यावर संभाव्य धोक्यांची यादी, प्रत्येक धोक्याचं कारण, त्यावरचा उपाय आणि उपाय खरंच केल्याचा पुरावा. बॅटरीचा प्रत्येक सेल क्रमांक घालून वेगळा तपासला, निर्वात टाकीत ठेवून त्याचं वजन आधी आणि नंतर घेतलं, शॉर्ट सर्किट झालं तर संरक्षण काम करतं का ते पाहिलं. सौरघटावरची काच फुटली तर तिचे कण स्थानकाच्या हवेत तरंगत डोळ्यांत जाऊ शकतात, म्हणून तेही लिहून द्यावं लागलं. सगळ्यांत मला आवडलेली तपासणी अगदी साधी होती. सुती हातमोजा घालून प्रत्येक कडेवरून, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बोट फिरवायचं. धागा अडकला तर ती कड घासायची. वर कुणाचंतरी बोट याच कडेवरून फिरणार आहे, हे त्या वेळी पहिल्यांदा मनात नीट उतरलं. यांत्रिक बाजू सांभाळणारी माझी मैत्रीण ते काम इतक्या हळुवारपणे करायची की बाळाचे केस विंचरतेय असं वाटावं.

झोपेची बाजू सांभाळता सांभाळता जागेची बाजू कशी निसटत होती, ते थंड टाकीत उघड झालं.

आमची अँटेना म्हणजे स्टीलच्या लवचीक पट्ट्या. त्या उपग्रहाभोवती गुंडाळून नायलॉनच्या धाग्याने बांधलेल्या. धाग्याला नायक्रोमची तार टेकलेली. तीस मिनिटं संपली की तारेतून वीज सोडायची, तार तापते, धागा वितळतो आणि पट्ट्या फटकन उघडतात. धाग्याची गाठ मारणं हे एक कौशल्यच आहे. सैल बांधला तर उड्डाणात सुटेल, आवळून बांधला तर तो तारेपासून दूर खेचला जातो आणि वितळायला वेळ लागतो. एका गाठीला मला वीस मिनिटं लागत, भिंगाखाली, श्वास रोखून. अशा पन्नासेक गाठी जाळून झाल्या तेव्हा कुठे हात बसला. खोलीच्या तापमानात दर वेळी चार-पाच सेकंदांत धागा तुटायचा.

मग टाकीतली हवा काढून तापमान उणे पंधरापर्यंत उतरवलं आणि उपग्रहाला उठवलं. तीस मिनिटं झाली. तारेत वीज सुटली. पट्ट्या हलल्या नाहीत. आम्ही वाट पाहिली. आणखी तीस मिनिटांनी पुन्हा वीज सुटली, पुन्हा काही नाही. साडेतीन तास हेच चालू होतं. टाकीच्या खिडकीतून आत बघत आम्ही सगळे उभे होतो.

कारण सापडलं ते व्होल्टेजच्या आलेखात. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. तारेने एकदम विजेचा घोट घेतला की व्होल्टेज खाली कोसळायचं आणि उपग्रहाचा प्रोसेसर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. पुन्हा सुरू झाला की त्याच्या लेखी तो आत्ताच पेटीतून बाहेर पडला होता. मग तो आज्ञाधारकपणे पुन्हा तीस मिनिटं गप्प बसायचा. संपली की पुन्हा तार, पुन्हा कोसळणं, पुन्हा तीस मिनिटं. आकाशात हे घडलं असतं तर तो जिवंत असून जन्मभर मुका राहिला असता आणि आम्हाला कारणसुद्धा कधी कळलं नसतं.

सोपा उपाय लगेच सुचला. किती मिनिटं झाली ती संख्या वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत लिहून ठेवायची. पुढच्या सुरक्षा बैठकीत मी तो उत्साहाने मांडला. पलीकडून एकच प्रश्न आला. तुमच्या शेवटच्या चाचणीतली संख्या त्या स्मृतीत तशीच राहिली, तर वर गेल्यावर तो तीस मिनिटं थांबेल का? मी निरुत्तर झाले. थांबला नसता. बाहेर पडताक्षणी, स्थानकापासून काही मीटरवर, त्याने अँटेना उघडली असती.

त्या रात्री आम्ही फळ्यासमोर खूप भांडलो. शेवटी जे ठरलं ते असं. तीस मिनिटं मोजायचं काम प्रोसेसरकडून काढून वेगळ्या, साध्या टायमर सर्किटला दिलं. तेवढ्या छोट्या कोसळण्याने ते बंद पडत नव्हतं, पण बटणं दाबलेली असताना ते आपोआप शून्यावर जायचं. प्रोसेसरच्या स्मृतीत फक्त एवढंच लिहायचं की धागा जाळण्याचे किती प्रयत्न झाले. पहिला फसला तर दुसऱ्या वेळी वीज एकदम न सोडता थोडी थोडी, मध्ये थांबत सोडायची. तोही फसला तर उन्हात येईपर्यंत थांबायचं, बॅटरी उबदार होऊ द्यायची. आणि हा प्रयत्नांचा आकडा आमच्या पहिल्याच संदेशात पाठवायचा, म्हणजे काय झालं ते कळेल. त्या आकड्यासाठी संदेशात जागा करताना आमच्या रेडिओवाल्याने एक तापमानमापक वगळला आणि दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

उपग्रह सुपूर्द करायला आम्ही त्सुकुबाला गेलो. जाक्साचं अंतराळ केंद्र तिथे आहे आणि किबोचं नियंत्रणही तिथूनच चालतं. स्वच्छ खोलीत पांढरे कपडे, तोंडाला मास्क. बॅटरी शेवटची भरून घेतली. प्रयत्नांचा आकडा शून्य असल्याचं दोघींनी आळीपाळीने मोठ्याने वाचलं. मग उपग्रह खऱ्या पेटीत सरकवला. रेल पट्टीवर आला तेव्हा खरखर झाली नाही, नुसता मऊ सरकत गेला. जमिनीवर हाताळताना सुरक्षेसाठी जी लाल फितीची पिन लावलेली असते, ती मी काढली. आता त्याला फक्त ती तीन बटणं रोखून धरणार होती. पिन माझ्या मुठीत होती आणि मूठ घामाने ओली झाली होती.

यानंतर त्याला हात लावायचा नसतो. कितीही वाटलं तरी.

उड्डाणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तारीख दोनदा पुढे गेली, मग मालवाहू यान व्यवस्थित गेलं आणि स्थानकाला जोडलं गेलं. त्यानंतरची वाट बघणं जास्त जड गेलं. बॅटरी वापरली नाही तरी हळूहळू उतरते. मी रोज त्याच खेपेचा दुसरा सेल, जो जाणूनबुजून कपाटात ठेवला होता, त्याचं व्होल्टेज मोजून वहीत लिहायची. वरच्याचं काय चाललंय ते कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

सोडण्याच्या दिवशी आम्ही सगळे पडद्यासमोर होतो. आदल्या दिवसांत अंतराळवीरांनी पेट्या एका पाटावर बसवून एअरलॉकच्या सरकत्या टेबलावर लावल्या होत्या, आतलं दार बंद करून हवा काढली होती. मग बाहेरचं दार उघडलं, टेबल बाहेर सरकलं, रोबोटिक हाताने तो पाट पकडला आणि हळूहळू फिरवून ठरलेल्या दिशेला धरला. ती दिशा म्हणजे स्थानकाच्या मागे आणि खाली, तिरकी. खाली निळं पाणी आणि ढग सरकत होते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जात असतं, पण त्या चित्रात काहीच घाई दिसत नव्हती.

पेटीचं झाकण उघडलं आणि तीन चकाकते घन एकामागोमाग एक बाहेर आले. मधला आमचा. स्प्रिंगने दिलेला वेग सेकंदाला सव्वा-दीड मीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढाच. पहिले काही क्षण तिघे एका रांगेत होते, मग त्यांच्यामधल्या फटी रुंदावत गेल्या. त्या फटी बघून माझ्या तोंडून "सुटली" एवढंच निघालं. मी उपग्रहाबद्दल बोलतेय असं इतरांना वाटलं. मी बटणांबद्दल बोलत होते.

उपग्रह मागे ढकलतात, याचं एक सुंदर कारण आहे. मागे ढकललेल्या वस्तूचा वेग किंचित घटतो, म्हणून ती किंचित खाली उतरते. खालची कक्षा आखूड असते आणि तिथली फेरीही लवकर पुरी होते. त्यामुळे मागे ढकललेला उपग्रह शेवटी स्थानकाच्या पुढे निघून जातो. मागच्या दिशेला सेकंदाला एक मीटर वेग मिळाला असं धरलं, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पोचेपर्यंत तो स्थानकाच्या सुमारे साडेतीन किलोमीटर खाली असतो आणि एक फेरी संपेपर्यंत सोळा-सतरा किलोमीटर पुढे. शिवाय छोट्या उपग्रहाला विरळ हवेचा ब्रेक स्थानकापेक्षा जास्त लागेल, अशीच त्याची जडणघडण असावी लागते. म्हणून तो खालीच जात राहतो आणि पुन्हा स्थानकाच्या वाटेत येत नाही. मला हे गणित आधी येत होतं. त्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडत होतं.

मग तीस मिनिटं. तेवढ्या वेळात तो जवळजवळ चौदा हजार किलोमीटर पुढे गेला. आम्ही कुणीही बोललो नाही.

आमच्या जमिनीवरच्या केंद्रावरून तो पहिल्यांदा जाणार होता पाच तासांनी. त्या आधीच दुसऱ्या खंडातल्या एका हौशी रेडिओवाल्याची मेल आली. त्याने छोटी ध्वनिफीत जोडली होती. खूप खरखर होती, आणि तिच्या तळाशी मोर्ससारखं काहीतरी. रेडिओवाला हेडफोन लावून ती पुन्हा पुन्हा ऐकत होता. "असेल," तो म्हणाला. "नसेलही. मला आपला म्हणता येत नाही." त्याच्या या प्रामाणिकपणाचा त्या क्षणी मला राग आला होता, आज कौतुक वाटतं.

आमची वेळ झाली. अँटेना क्षितिजाकडे वळवली. ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आमचा संकेत, जवळ येताना दहा किलोहर्ट्झपर्यंत वर सरकतो आणि दूर जाताना तेवढाच खाली. पडद्यावर त्याची तिरकी वळणदार रेघ उमटते, आणि ती रेघ हीच ओळख. अवकाशातून येणाऱ्या संकेताखेरीज दुसरं काही तसं वळण घेत नाही. पहिली तीन मिनिटं निळा पडदा कोराच होता. चौथ्या मिनिटाला एक ठिपका, मग शेजारी दुसरा. मग रेघ. मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

संदेश उलगडायला काही सेकंद लागले. बॅटरी ३.९१ व्होल्ट. कपाटातल्या सेलने त्या सकाळी ३.९४ दाखवले होते. सौरघटातून वीज येत होती. तापमान उणे चार. आणि त्यापुढे एकच अंक, जो फक्त मी शोधत होते.

२.

म्हणजे पहिला प्रयत्न फसला होता. पृथ्वीच्या सावलीत, थंडीत, व्होल्टेज कोसळलं होतं, प्रोसेसर बंद पडून पुन्हा उठला होता, अगदी त्या टाकीत झालं होतं तसंच. मग त्याने स्मृतीत पाहिलं, एक प्रयत्न झाला आहे असं वाचलं, आणि दुसऱ्यांदा थोडी थोडी वीज सोडून धागा जाळला. वर, एकट्याने. मी खुर्चीत बसले आणि रडले. सर पाठीमागून आले, पडद्यावरचा अंक बघितला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

पुढचे काही दिवस वेगळ्या गोंधळात गेले. रडारने टिपलेल्या नव्या वस्तूंच्या कक्षा प्रसिद्ध झाल्या, पण त्यांत नावं नव्हती, नुसती अक्षरं. एकाच वेळी सुटलेल्या तिघांतला आपला कोणता? आम्ही प्रत्येक कक्षेसाठी संकेताचं वळण कसं दिसायला हवं ते काढलं आणि आमच्या रेघेवर ठेवून पाहिलं. एक जुळली. दुसरी जवळपास जुळली, फरक होता दोन-तीन सेकंदांचा. आठवड्याने ते अंतर वाढलं तेव्हा खात्री पटली.

तो अकरा महिने बोलत राहिला. या उंचीवर हवेचा ब्रेक सूर्याच्या मर्जीवर चालतो. सूर्य तापट असला की वरचं वातावरण फुगतं आणि उपग्रह लवकर खाली येतात. आमच्या वेळी तो तापट होता. शेवटच्या आठवड्यात उंची रोज आधीच्या दिवसापेक्षा जास्त घसरत होती, आणि ठरलेल्या वेळेच्या अर्धा-पाऊण मिनिट आधीच तो क्षितिजावर यायचा. मग एके दिवशी आला नाही. मागे काही कचरा उरला नाही, कुणाच्या वाटेत काही राहिलं नाही. स्थानकाची कक्षा फार उंच नाही, याचं मला तेव्हा समाधान वाटलं.

नकली पेटी अजून त्याच टेबलावर आहे. तिच्यात आता पुढच्या तुकडीचा उपग्रह आहे, शेजारी तेच दोन ठोकळे. तीन दिवसांऐवजी दहा दिवस ठेवायचा आणि रोज पेटीची बाजू बदलायची, असं मी त्यांना लिहून दिलं आहे. रिसीव्हर चालू आहे. आज सातवा दिवस आहे आणि अजून काहीही ऐकू आलेलं नाही.